‘चालत जा’ म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे

(युवक-युवतींच्या शिबिरात एका फिजिओथेरपिस्ट कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीला एक छोटी पाहणी करूया. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात शुगरचा, बीपीचा, हृदयाचा किंवा गुडघ्यांचा पेशंट आहे, त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता ज्यांच्या पेशंटला डॉक्टरांनी ‘रोज चालत जा’ असं सांगितलंय, त्यांनी हात वरच ठेवा. फारसे हात खाली आले नाहीत. आणि किती चालायचं, किती वेगाने, जेवणाआधी की नंतर, पायात काय घालून आणि त्रास झाला तर कुठे थांबायचं, हे ज्यांना सांगितलं गेलं त्यांचेच हात आता वर राहू द्या.

तीन हात. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तीन.

मला आज एवढंच सांगायचं आहे. व्यायाम हे औषध आहे, हे आता सगळे म्हणतात. पण औषध म्हटलं की त्याचं नाव, डोस, वेळ आणि परहेज आलं, परत तपासणीची तारीखही आली. गोळीच्या बाबतीत डॉक्टर हे सगळं चिठ्ठीवर लिहून देतात. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण दोन शब्दांवर भागवतो. त्या दोन शब्दांपासून पुढचं काम ज्याचं आहे, त्या माणसाबद्दल मी बोलणार आहे. कुठे त्याला व्यायाम फिजिऑलॉजिस्ट म्हणतात. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट करतात. मी त्यांच्यापैकी एक. गेली चौदा वर्षं मिरजेत हेच काम करते आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेले ३१ कोटींच्या पुढे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने सांगितलं की भारतातले जवळपास निम्मे प्रौढ लोक पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, बायकांमध्ये ५७ टक्के. या फरकाकडे मी नंतर परत येईन, कारण तो फरक शरीराचा नाही, समाजाचा आहे.

हालचाल आणि आजार यांचं नातं शास्त्राने कसं शोधलं, तेही ऐकण्यासारखं आहे. लंडनमध्ये दुमजली बस असतात. त्या काळात प्रत्येक बसवर एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर असे. दोघे एकाच वस्तीतले, पगार जवळपास सारखा, कामाचे तासही सारखे. फरक एकच, ड्रायव्हर दिवसभर बसून राही आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या हजारो कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या. १९५३ मध्ये त्यांचा निबंध आला. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता आणि झालाच तर तो सौम्य असे. मग शंका निघाली की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. तेव्हा मॉरिस यांनी कामगारांच्या गणवेशाची, पँटच्या कंबरेची मापंसुद्धा तपासली. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या होत्या हे खरं, पण सडपातळ ड्रायव्हरसुद्धा सडपातळ कंडक्टरपेक्षा जास्त धोक्यात होता. म्हणजे नुसत्या जाडीने कोडं सुटत नव्हतं. पायऱ्या चढण्यात स्वतःचंच काहीतरी होतं.

ते काहीतरी आज आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. साखरेपुरतं सांगते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा आपले स्नायू उचलतात. स्नायूच्या पेशीला दार आहे असं समजा. एरवी ते दार इन्सुलिन उघडतं. टाइप २ मधुमेहात ही किल्ली नीट चालत नाही, साखर दाराबाहेर, रक्तातच साचते. पण स्नायू काम करू लागला, आकुंचन पावू लागला, की तो आतूनच दार उघडतो, इन्सुलिनची वाट पाहत नाही. शिवाय व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस इन्सुलिनची किल्ली थोडी बरी चालते. म्हणून मधुमेहाच्या पेशंटला आम्ही सांगतो की लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी दोन तास क्रिकेट आणि सहा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर, हे मधुमेहासाठी पुरेसं औषध नाही.

आता माझ्या विषयाचा गाभा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. लोकांचे गट पाडले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली, एका गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. तिसऱ्या गटाला गोळी नाही, फक्त आहार आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम. सरासरी तीनेक वर्षांनी पाहिलं, तर नुसत्या गोळीच्या गटाच्या तुलनेत मेटफॉर्मिनने मधुमेहाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी केलं आणि आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी.

हा आकडा तुम्ही ऐकला असेल, व्हॉट्सॲपवर फिरतो. ‘बघा, व्यायाम गोळीपेक्षा दुप्पट चांगला.’ पण त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. औषध नसलेली गोळी ज्यांना दिली, त्यांनाही व्यायामाचा सल्ला दिलेलाच होता. लेखी दिला होता आणि वर्षातून एकदा वीस-तीस मिनिटं समोर बसवून सांगितलाही होता. चांगलं खा, वजन कमी करा, हालचाल वाढवा. म्हणजे आपल्या दवाखान्यात मिळतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ देऊन. मग ५८ टक्के गटाला वेगळं काय मिळालं? माणूस मिळाला. प्रत्येकाला एक प्रशिक्षित मार्गदर्शक. पहिल्या सहा महिन्यांत एकास एक असे सोळा धडे, ध्येय ठरवणं, नोंदी पाहणं, अडचण आली की तोडगा काढणं, आणि पुढेही संपर्क.

दोस्तांनो, ५८ टक्के हा सल्ल्याचा परिणाम नाही, सोबतीचा आहे. सल्ला तर दोन्हीकडे होता.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत पैसा आहे, आपल्याकडे हे कसं जमणार? चेन्नईत जमलं. डॉक्टर ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तिथे ५३१ लोकांवर असाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सोळा धडे नव्हते. सुरुवातीला समोर बसून समजावणं, मग दर महिन्याला फोन, दर सहा महिन्यांनी भेट. तरीही आहार-व्यायामाच्या गटात मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनच्या जवळपास बरोबरीने. महिन्याला एक फोन आपल्याला नक्की परवडतो. आणखी एक गोष्ट मला आवडते. जे लोक आधीच अंगमेहनतीचं काम करत होते किंवा रोज पुरेसं चालत, सायकल चालवत होते, त्यांना जास्तीचा व्यायाम लादला नाही. आहे ते चालू ठेवा म्हणून सांगितलं. हमालाला आणि कारकुनाला एकच चिठ्ठी दिली नाही. आधी माणूस पाहिला, मग डोस ठरवला.

हा डोस ठरवणं म्हणजे काय, हे माझ्या टेबलावरची उदाहरणं देऊन सांगते.

एक रिक्षाचालक, वय बावन्न. शुगर बारा वर्षांपासूनची. ‘चालत जा’ म्हटल्यावर या माणसाने खरंच मनावर घेतलं. रोज फजरनंतर पाच किलोमीटर, जुन्या रबरी चपलेत. त्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कधीच गेली होती, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणी तपासलंही नव्हतं. फोड आला, कळला नाही. फोड फुटला, त्यावरच चालत राहिले. माझ्याकडे आले तेव्हा दोन बोटं काढलेली होती. या माणसाने आळस केला नव्हता. सांगितलं ते इमानेइतबारे केलं होतं. नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायाच्या ठरावीक जागांवर टेकवून ‘लागतंय का’ एवढं विचारलं, की ही संवेदना तपासता येते. दोन मिनिटांचं काम. ते आधी झालं असतं तर त्यांना चालण्याऐवजी किंवा चालण्यासोबत बसून करायचे व्यायाम, सायकल, योग्य बूट आणि रोज रात्री आरशात तळपाय पाहण्याची सवय दिली असती.

दुसरं उदाहरण एका खालांचं, वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघे झिजलेले, वजन जास्त, शुगर आणि बीपी दोन्ही. चालायला सांगितलं, चालल्या, गुडघे सुजले, चालणं बंद. मग घरातल्यांनी बजावलं, आता आराम करा. आरामाने मांड्या आणखी कमजोर, गुडघ्यांवर आणखी भार, वजन आणखी वर. हे चक्र तुम्ही घरोघरी पाहिलं असेल. गुडघ्याच्या झिजेत व्यायाम हा पहिल्या ओळीचा उपचार आहे, पण कोणता व्यायाम? आम्ही चालण्यापासून सुरुवातच केली नाही. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, आधी उंच खुर्चीवरून आणि फक्त पाच वेळा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करून धरणं. तीन आठवड्यांनी पाण्याच्या बाटलीचं वजन. सहाव्या आठवड्यात जेवणानंतर दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं. तीन महिन्यांनी त्या जिना चढून मुलीच्या घरी गेल्या. आधी पूर्ण नमाज खुर्चीवर पढत होत्या, आता कयाम आणि रुकू उभ्याने करतात, सजद्याला खुर्ची घेतात. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर ८.९ वरून ७.८ वर आली, गोळ्या चालू ठेवूनच. चमत्कार नाही. पण हे कुणी ‘चालत जा’ म्हणून घडलं नसतं.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने शुगर एकदम खाली जाऊ शकते. अशा पेशंटने आधी शुगर पाहावी, ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच सुरुवात करावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. शुगर २५० च्या वर आहे आणि सोबत मळमळ, गळाठा असेल तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम वाढलेला असेल तर श्वास रोखून जड वजन उचलणं धोक्याचं. बीपीच्या माणसानेही वजन उचलताना श्वास रोखू नये. मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर नाडीचा वेग नेहमीसारखा वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर मेहनत मोजता येत नाही. तिथे आम्ही बोलण्याची कसोटी वापरतो. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग मध्यम आहे. दोन शब्दांतच दम लागतोय, म्हणजे तो जास्त झाला. आणि चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

तुम्ही तरुण आहात, तुमच्यासाठी यातलं फारसं काही लागू नाही. तुम्ही धावा, खेळा. पण तुमच्या अम्मी-अब्बांच्या अंगात दोन-तीन आजार आणि पाच-सहा गोळ्या एकत्र राहतात. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्यांच्या गोळ्या विचारत नाही. जिममधला ट्रेनरही बहुतेकदा विचारत नाही. मी जिमवाल्यांच्या विरोधात नाही, त्यांच्यात शिकलेले, काळजी घेणारे लोक आहेत. पण ओळखायची एक सोपी खूण सांगते. समोरचा माणूस व्यायाम सांगण्याआधी किती प्रश्न विचारतो ते बघा. आजार कोणते, गोळ्या कोणत्या, छातीत कधी दुखलं का, पाय पाहू, सहा मिनिटांत किती चालता ते मोजू, खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता ते मोजू. हे विचारणारा, मोजणारा माणूस धरा. मी तुमची गोळी बंद करून देतो असं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतात, रिपोर्ट पाहून. आमचं काम त्या रिपोर्टपर्यंत पेशंटला चालवत नेणं.

आमच्या व्यवसायाबद्दलचा एक गैरसमजही दूर करायला हवा. फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक द्या, करंट द्या’ अशी आपल्याकडे समजूत आहे. पेशंट दहा दिवस येतो, मशीनखाली झोपतो, पैसे देतो, जातो. मशीनचा उपयोग काही ठिकाणी आहे. पण मधुमेह, हृदय, गुडघे, दमा यांत मुख्य उपचार तुम्ही स्वतः केलेली हालचाल हाच आहे. ती मशीन तुमच्या वतीने करू शकत नाही. त्यामुळे रोज येण्याची गरजही नसते. नीट तपासणी, लिहून दिलेला कार्यक्रम, दोन आठवड्यांनी भेट, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. खर्चही आटोक्यात राहतो. तुमच्या घरी कुणाला दहा-दहा दिवसांचं पॅकेज सांगितलं, तर ‘घरी करायचा व्यायाम लिहून द्या’ हे हक्काने मागा.

काही देशांनी या कामाला व्यवस्थेत जागा दिली आहे. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त व्यायाम फिजिऑलॉजिस्ट हा स्वतंत्र व्यवसाय आहे. २००६ पासून तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून दीर्घ आजाराच्या पेशंटला, त्याच्या डॉक्टरने पाठवलं तर, या तज्ज्ञाच्या भेटींसाठी पैसे मिळतात. वर्षाला पाच भेटी, त्याही आहारतज्ज्ञ वगैरे इतरांसोबत वाटून घ्यायच्या. फार नाहीत. पण सरकारने एक गोष्ट मान्य केली की व्यायाम ठरवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे आणि त्याचा मोबदला समाजाने द्यायचा. आपल्याकडे २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात फिजिओथेरपीसह अनेक व्यवसायांना कायदेशीर ओळख मिळाली. ही चांगली सुरुवात आहे. पण आरोग्य केंद्रावर तिशीनंतरच्या माणसाची शुगर-बीपी मोफत तपासली जाते, गोळीही मिळते, आणि व्यायामाचं पान मात्र माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठिकाणी कोरंच राहतं. ते पान भरा, ही मागणी आपण नागरिक म्हणून केली पाहिजे.

आता त्या ५७ आणि ४२ टक्क्यांकडे येते. बायका कमी हलतात असं आकडा म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका मात्र पहाटे पाचपासून उभ्या असतात. स्वयंपाक, पाणी, शिलाई, मुलं. हे काम दमवतं, पण दम लागेल असं सलग वीस मिनिटं त्यात क्वचितच असतं. आणि वेगळा वेळ काढावा तर जायचं कुठे? रस्त्यावर नजरा, मैदानावर मुलगे, घरात जागा नाही, आणि ‘या वयात हे कसलं खूळ’ असं म्हणणारं कुणीतरी असतंच. मी एका बाईला रोज वीस मिनिटं लिहून दिली. ती म्हणाली, “डॉक्टर, व्यायाम जमेल, वीस मिनिटं कुठून आणू?” याचं उत्तर फिजिओथेरपीच्या पुस्तकात नाही. ते त्या घरातल्या मुलाकडे आहे. तिचा मुलगा आज इथे असेल तर त्याने उठून रोज वीस मिनिटं भांडी घासावीत. मी गंमत करत नाही, माझ्या दृष्टीने ते प्रिस्क्रिप्शनच आहे.

जागेचं उत्तर मोहल्ल्याकडे आहे. आपले शादीखाने, शाळांचे हॉल सकाळी रिकामे असतात. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, फक्त बायकांसाठी. सुरुवातीला एक फिजिओथेरपिस्ट येऊन प्रत्येकीची तपासणी करेल, तिचा कार्ड-कागद बनवेल, तुमच्यातल्या दोन मुलींना शिकवेल. पुढे त्या दोघी वर्ग चालवतील आणि तज्ज्ञ महिन्यातून एकदा येईल. पंख्याचं बिल आणि सतरंज्या एवढाच खर्च.

रमजानबद्दल दरवर्षी विचारतात, म्हणून सांगते. मधुमेहाच्या पेशंटने रोजे ठेवायचे की नाहीत आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. रोज्यात हलकी हालचाल चालते, मात्र इफ्तारच्या आधीच्या तासांत जोराचा व्यायाम नको, तेव्हा शुगर खाली जाण्याचा आणि पाणी कमी पडण्याचा धोका जास्त. मधुमेह आणि रमजानविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तरावीहची गणती व्यायामात करतात. म्हणजे वीस रकात पढणाऱ्याने त्या दिवशी वेगळा व्यायाम केलाच पाहिजे असं नाही. त्याच सूचना सांगतात की शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन शुगर तपासण्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमाही सांगतात. भीतीपोटी न तपासता राहू नका.

शेवटी तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, या आठवड्यात घरातल्या पेशंटच्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहा, त्यांचे तळपाय स्वतः पाहा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जा. तिथे विचारा, “चालायला सांगताय, पण किती, कसं, आणि यांना काय टाळायचं?” डॉक्टरांकडे वेळ नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्या म्हणा. अदबीने विचारा, पण विचारा.

दुसरी, ती सोबत तुम्ही व्हा. चेन्नईत महिन्याला एक फोन पुरला. तुमच्या खालांना, फुफींना, शेजारच्या चाचांना आठवड्याला एक फोन करा. “किती दिवस केलं? कुठे अडलं?” एवढे दोनच प्रश्न. रागवायचं नाही, लेक्चर द्यायचं नाही.

तिसरी, बारावी विज्ञानाला असलेल्या मुला-मुलींसाठी. नीट दिली की एमबीबीएस नाही तर काहीच नाही, असं आपल्या घरांत वातावरण असतं. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेशही नीटमधूनच होतो. इंटर्नशिप धरून चार-पाच वर्षांचा अभ्यास आहे. सुरुवातीचा पगार मोठा नसतो, हे खोटं सांगणार नाही. पण पुढची तीस-चाळीस वर्षं या देशात ज्या कामाची गरज सतत वाढत जाणार आहे, त्यांतलं हे एक काम आहे. विशेषतः मुली हव्या आहेत. कित्येक बायका पुरुष फिजिओथेरपिस्टकडे पाय दाखवायला जात नाहीत आणि दुखणं अंगावर काढतात. त्यांच्यासाठी कुणीतरी तुमच्यातून यायला हवं.

आता प्रश्न विचारा. आणि तासभर बसला आहात, तेव्हा आधी सगळे उभे राहा. हात न लावता, खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा.